शिआनमधले सत्तावीस हात

आमच्या मराठी मंडळात काहीही ठरवायचं झालं की हात वर करून मत घेतात. न्यू जर्सीतल्या एडिसन गावी शाळेच्या हॉलमध्ये गणपतीच्या जेवणाला पुरी करायची की पोळी, हेही असंच ठरतं. चीनला गेलो तेव्हा ही पद्धत सामानाबरोबर तिकडेही आली आणि शिआनमध्ये तिनं माझ्या वडिलांचा दिवस खाल्ला. अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं.

२००६ सालची गोष्ट. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, म्हणून बाबांना सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आणलं होतं. मी आणि नवरा सकाळीच ऑफिसला जायचो, मुलगी शाळेत. बाबा दिवसभर अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉटमधल्या गाड्या बघत बसायचे. अशात मंडळातल्या एका निवृत्त इंजिनियर काकांनी चीनची दहा दिवसांची टूर काढली. मी बाबांना गावांची यादी वाचून दाखवत होते. शिआनचं नाव आलं आणि बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले.

बाबांनी साताऱ्याकडच्या एका गावात एकतीस वर्षं इतिहास शिकवला. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी चीनमधून चालत भारतात आलेला तो भिक्षू, जो आपल्या मुलखातही येऊन गेला आणि शेवटी पोथ्यांचे गठ्ठे घेऊन परत गेला, त्याचा धडा ते पुस्तक न उघडता शिकवायचे. फळ्यावर त्याच्या वाटेचा नकाशा काढायचे. वाळवंट, डोंगर, नालंदा, आपला महाराष्ट्र, आणि परतीच्या टोकाला खडू दाबून एक ठसठशीत ठिपका. त्या वर्गात मीही बसलेली आहे. तो ठिपका म्हणजे शिआन. त्या पोथ्या ठेवण्यासाठी बांधलेला विटांचा पॅगोडा तिथं आजही उभा आहे.

"एकतीस वर्षं ठिपका काढला, पण बघितला नाही," बाबा म्हणाले. "मला बाकी चीन नाही दाखवलंस तरी चालेल."

नवऱ्याला सुट्टी नव्हती, मुलगी त्याच्याजवळ राहिली, आणि आम्ही दोघं निघालो. एकूण अठ्ठावीस माणसं, बहुतेक सगळी साठीच्या पुढची. काकांच्या गळ्यात शिट्टी आणि हातात क्लिपबोर्ड. त्यांची बायको, म्हणजे काकू, पुढच्या सीटवर चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन. या काकूंबद्दल आधीच सांगून टाकते. माझी मुलगी झाली तेव्हा आईला व्हिसा मिळाला नव्हता. काकूंनी वीस दिवस रोज गाडी चालवत येऊन बाळाला न्हाऊमाखू घातलं, मला डिंकाचे लाडू करून घातले. ते मी विसरलेले नाही, आणि काकूही विसरलेल्या नाहीत.

पहिल्याच दिवशी बाबांनी काकांना पॅगोड्याचं सांगितलं होतं. "वा वा, सर, तुम्ही बसमध्ये माइकवर सांगा ना सगळ्यांना," काका म्हणाले. बाबांनी रात्री बसून चार मुद्दे कागदावर काढले. दुसऱ्या दिवशी माइक हातात आला, ते दोन वाक्यं बोलले, आणि मागून कुणीतरी गाण्याच्या भेंड्या सुरू केल्या. बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

शिआनमध्ये सकाळ जुन्या राजाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक बघण्यात गेली. ते छान होते, पण बाबांचं लक्ष घड्याळाकडे होतं. परत निघाल्यावर गाईडनं माइक घेतला. ती पंचविशीतली, शांत, नीट इंग्लिश बोलणारी चिनी मुलगी होती. आम्ही सगळे व्हेजिटेरियन म्हणून तिनं मुद्दाम पॅगोड्याला लागूनच असलेल्या एका हॉटेलात जेवण ठेवलं होतं. बौद्ध मठातल्या पद्धतीचा स्वयंपाक, ना मांस ना अंडं. तिथून चालत पॅगोडा, दोन तास निवांत. तिनं फोटोंचं मेन्यूकार्ड फिरवलं.

कार्डावर एक अख्खं बदक होतं. शेजारच्या ताटलीत डोक्याशेपटीसकट मासा.

"ऑल टोफू," गाईड म्हणाली. तीनदा म्हणाली.

काकूंनी कार्ड दोन बोटांत धरून परत दिलं. "मेलेलं असो नाहीतर सोयाबीनचं, दिसतंय ना बदक? माझ्या घशाखाली नाही उतरायचं."

काका याच क्षणाची वाट बघत होते. त्यांनी खिशातून एक प्रिंटआउट काढला. शिआनमधलं इंडियन रेस्टॉरंट, त्यांनी एडिसनला बसून इंटरनेटवर शोधून ठेवलेलं. "छोले, नान, जिरा राइस. आणि चहा, आपला चहा." बसमध्ये टाळ्या पडल्या. गाईड म्हणाली, ते शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, पॅगोड्याला वेळ उरणार नाही. "अरे यार, तेराशे वर्षं उभाय तो, आज दुपारी कुठं पळून जातोय?" काका म्हणाले. "चला, मेजॉरिटी सांगेल ते. इंडियन लंच कोणाकोणाला? हात वर."

हात वर झाले. बाबांचा नव्हता. ते माझ्याकडे बघतही नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. माझ्याकडे बघत होत्या त्या काकू, सीटवरून मागे वळून, हसत, अगदी मायेनं. माझा हात वर गेला.

"सत्तावीस," काकांनी मोजलं. "कॅरिड. ठराव पास."

पुढचं सगळं मी दात-ओठ खात काढलं. त्या रेस्टॉरंटमध्ये एकच आचारी होता आणि तो एका वेळी दोन नान भाजत होता. अठ्ठावीस माणसांची जेवणं व्हायला दोन तास गेले. छोले डब्यातले होते. त्यावर काकूंना दुसरा चहा हवा झाला. बस सुटून दहा मिनिटं होतात न होतात तोच एका मावशींना आठवलं की स्वेटर खुर्चीवर राहिला, म्हणून बस परत फिरली. मी गाईडकडे जाऊन विचारलं, आम्ही दोघं टॅक्सीनं पुढे जाऊ का? तिनं नकारार्थी मान हलवली. ग्रुप एकत्रच राहिला पाहिजे, तिच्यावर जबाबदारी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातचं विमान होतं, म्हणजे पुन्हा येणंही नव्हतं. ट्रॅफिकमध्ये बस अडकली आणि मागे भेंड्या सुरू झाल्या. मला एकेकाच्या तोंडात तो चिवड्याचा डबा कोंबावासा वाटत होता.

पोचलो तेव्हा तिकिटाची खिडकी नुकतीच बंद झाली होती. गाईड पळत गेली, आतल्या माणसाशी हात जोडून बोलली आणि खाली मान घालून परत आली. मग ती आम्हाला भिंतीपलीकडच्या मोठ्या चौकात घेऊन गेली. तिथून पॅगोडा दिसत होता, भिंतीच्या वर, मातकट रंगाचा, भक्कम. तेवढ्यात चौकातली कारंजी गाण्याच्या तालावर उडायला लागली. "बाई, किती सुंदर," काकू म्हणाल्या. "बरं झालं उशीर झाला, नाहीतर हे चुकलं असतं."

बाबा भिंतीजवळ जाऊन उभे होते. एक बोट वर धरून मजले मोजत होते.

"सात आहेत," ते म्हणाले. "मी फळ्यावर पाच काढायचो."

"बाबा, मी भांडायला हवं होतं."

"कशाला? तू हात वर केलास ते बरोबरच केलंस." ते पॅगोड्याकडेच बघत बोलत होते. आवाजात राग नव्हता, आणि असता तर मला सोपं गेलं असतं. "मी दोन महिन्यांनी घरी जाईन. तुला यांच्यातच राहायचंय. उद्या आजारी पडलीस तर हीच माणसं डबा घेऊन येणार."

शिट्टी वाजली. काका मंडळाचं बॅनर उलगडत होते. "फोटो, फोटो. सरांना बोलवा." बाबांनी मला हातानंच 'तू जा' म्हणून खुणावलं. मी गेले.

तो फोटो पुढच्या वर्षी मंडळाच्या कॅलेंडरवर आला. कॅलेंडर मंडळातल्या प्रत्येक घरी येतं, आमच्याही फ्रिजवर वर्षभर होतं. मागे भिंतीशी पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा दिसतो, पाठमोरा. पाहुणे विचारायचे, हे कोण? माझे वडील, मी सांगायचे. गाईड फोटो काढत असताना काकांनी सगळ्यांना हात वर करायला सांगितलं होतं. पुढे बॅनर, मागे आम्ही सत्तावीस जण. मी पहिल्या रांगेत आहे, काकूंच्या शेजारी, आणि माझा हात सगळ्यात उंच आहे.