मुठीत राहिलेला दाणा

रूथताईचा फोन आला तेव्हा मी मुकुटबनच्या बसथांब्यावर होते. "बाबा गेले गं..." एवढंच ती म्हणाली. समोरून कापसाने गच्च भरलेली गाडी गेली आणि मागे बराच वेळ पांढरे तंतू हवेत तरंगत राहिले. ते खाली उतरूच नयेत असं वाटत होतं.

रूथताईचे बाबा म्हणजे दानियल गुरुजी, निवृत्त शिक्षक. त्यांच्या गावातल्या दोन प्रार्थनाघरांचा इतिहास ते लिहीत होते आणि मी तो टाइप करत होते. मी बौद्ध घरातली, बापाने वाटलेल्या पत्रकांवरच वाचायला शिकलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "चर्चचं काम तुले चालते ना?"

"खरं लिहान तं चालते."

"लय तिखट हायेस!" म्हणून ते खळखळून हसले.

दुपारी आम्ही जुन्या प्रार्थनाघरात बसायचो. फुटक्या कौलांतून आलेले कवडसे जमिनीवरून हळूहळू सरकायचे आणि गुरुजी इतकं हळू बोलायचे, जणू जुनी माणसं अजून सतरंजीवर डोळे मिटून बसलीत. एकदा मी विचारलं, एवढ्याशा गावात प्रार्थनाघरं दोन काहून?

"प्रभुभोजनात सगळ्यायनं एकाच प्याल्यातून द्राक्षरस घ्याचा असते, पोरी. आमचे प्याले दोन होते. एक आमचा, एक महारवाड्यातून आलेल्यांचा. तो दुसरा प्याला माह्या आजोबानं ठेवला." ज्यांनी त्या प्याल्याला तोंड लावायचं नाकारलं, त्यांनी उठून जाऊन स्वतःच्या हातांनी दुसरं प्रार्थनाघर बांधलं. गुरुजींच्या वहीत मात्र यातला एक शब्द नव्हता. हे पान नसेल तर मी पुढे टाइप करणार नाही, असं मी सांगून टाकलं.

"मंडळीले इचारू," ते म्हणाले.

त्यांच्या चर्चवर बिशप नाही. सगळं मंडळी, म्हणजे प्रार्थनेला येणारी माणसंच ठरवतात, आणि आता दोन्हीकडची मंडळी एकच आहे. प्रत्येकाला एक तुरीचा दाणा मिळतो, एक सरकी. तूर म्हणजे हो, सरकी म्हणजे नाही. एक दाणा कापडाखालच्या गाडग्यात टाकायचा, उरलेला मुठीत लपवून न्यायचा आणि बाहेर कोंबड्यांना फेकायचा. मला मत नव्हतं, मी दाराशी बसले होते. गुरुजी अवाक्षरही बोलले नाहीत. गाडग्यातून सरकी जास्त निघाली.

"आजोबाची अब्रू वाचवली तुमी! भेकड आहा तुमी!" मी अंगणात, सगळ्यांसमोर ओरडले.

"मी बोललो असतो तं लोकायनं माह्या तोंडाकडं पाहून दाणा टाकला असता. मंग बिशप काय वाईट होता?"

"मंग तुमचा दाणा कोणता होता?"

"ते सांगत नसतात, पोरी."

त्यानंतर चार महिने मी त्यांच्याकडे गेले नाही. पुढे आला तो फोनच.

परवा रूथताईने कागद न्यायला बोलावलं. टेबलावर चष्म्याची रिकामी डबी होती. चष्मा त्यांच्यासोबत गेला. डबीच्या कोपऱ्यात एक सुकलेली सरकी होती, अंगाला जराशी रुई चिकटलेली.

"हा काय कचरा ठेवला बाबानं?" रूथताई म्हणाली.

मुठीत सरकी राहिली होती, म्हणजे गाडग्यात तूर पडली होती.

ते पान इतिहासात घ्यायचं का, हा प्रश्न रूथताईने पुन्हा मंडळीपुढे मांडलाय. येत्या रविवारी बैठक आहे. मी दाराशीच बसणार, गप्प. दोन प्याल्यांचं पान टाइप करून ठेवलंय आणि ते उडू नये म्हणून त्यावर ती सरकी ठेवते. एवढीशी ती... वारा आला की कागद हलतोच.