गवताचं साल

"अगं, तुला रंग लावायची काय गरज? तू अशीच उभी राहा."

मुख्याध्यापिका बाई हे स्टाफरूममध्ये म्हणाल्या. सगळ्यांसमोर. नाशिकमधल्या एका खाजगी शाळेत मी इतिहास शिकवते, तासिका तत्त्वावर. बाकीच्या शिक्षिका 'अहो मॅडम', मी 'अगं'. सगळे हसले. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण तेच मला अजून डाचतं.

स्नेहसंमेलनासाठी 'एकोणीसशे तीस' नावाचं नाटक बसवलं होतं. त्या साली देशभर कायदेभंग चालला होता. कुठे लोकांनी मीठ उचललं, आमच्या डोंगरात गवत कापलं, कारण सरकारने जंगल राखीव करून गुरांच्या चाऱ्यावरही बंदी घातली होती. नाटकात शहरातून पुढारी येतो, "अज्ञानी बांधवांनो, उठा" म्हणतो आणि आदिवासींना विळा धरायला शिकवतो. विळा धरायला. आम्हाला. पुढारी झालेला मुलगा संस्थेच्या अध्यक्षांचा नातू. पुठ्ठ्याचा विळा तो चमच्यासारखा धरायचा. आदिवासी झालेल्या सहा मुलांना एकही वाक्य नव्हतं. तोंडाला काळं फासून "हू हू" करायचं आणि पुढाऱ्याच्या पाया पडायचं. त्यांच्यात एक मोठं माणूस हवं म्हणून मला घेतलं होतं.

मी पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची. त्या सालाला आमच्या घरात कुणी तीस म्हणत नाही, गवताचं साल म्हणतात. मला ते बापाने सांगितलं, भात कापताना.

"पुढाऱ्यानं मूठभर कापलं, हार घालून घेतला, पोलिसांच्या गाडीत बसला. मानूस चांगला व्हता, मी नाय म्हनत नाय. पन माझ्या आजीनं आख्खा भारा कापला. घरी गाय उपाशी व्हती."

जंगलाच्या रखवालदाराने तिला धरलं. ओला भारा डोक्यावर तसाच ठेवून दिवसभर चौकीपुढे पावसात उभं केलं. भारा टाक, पाया पड आणि घरी जा, म्हणाला. तिने टाकला नाही. संध्याकाळी तोच कंटाळला. भारा घरी आला, गाईने खाल्ला. पुढारी तुरुंगात गेला म्हणून त्याचं नाव लिहिलं गेलं. माझी पणजी तुरुंगात गेली नाही, म्हणून तिचं नाव कुठेच नाही.

हे सगळं माहीत असून तीन आठवडे मी "हू हू"ची तालीम घेतली. एप्रिलमध्ये माझी नेमणूक संपते आणि पुढची बाईंच्या शिफारशीवर आहे. भ्यायले होते. दुसरं काही नाही.

संमेलनाच्या दुपारी रंगभूषेला माणूस आला. पाच मुलांना त्याने काळं फासलं. सहावी होती सातवीतली एक मुलगी, सुरगाण्याकडची, वसतिगृहात राहणारी. तिने डोळे मिटून तोंड पुढे केलं.

"हिला नको," तो म्हणाला. "हिचं काम देवानंच करून ठेवलंय."

मुलं हसली. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि तीही हसली.

ते हसू माझं होतं. स्टाफरूममधलं. असं हसून सोडून द्यायचं हे तिला कोणी शिकवलं? शाळेत तिच्यासारखी पाड्यावरून आलेली एकच शिक्षिका आहे. मी.

माझं डोकं फिरलं. रंगवलेल्या पाचही मुलांना नळावर नेलं आणि साबणाने तोंडं धुतली. बाई धावत आल्या.

"अगं, काय चाललंय तुझं? पाहुणे येऊन बसलेत."

"मला अहो म्हणा," मी म्हटलं. "आणि रंग लागणार नाही."

पडदा उघडला. पुढारी "अज्ञानी बांधवांनो" म्हणाला तशी मी पुढे झाले. त्याला हातातला विळा नीट कसा धरायचा ते दाखवलं, पोराचा काय दोष. मग माइकसमोर उभी राहिले आणि पणजीची गोष्ट सांगायला लागले. अर्ध्यात कोणीतरी माइक बंद केला. मी डोंगरात एका टेकडीवरून दुसरीवर हाका मारत वाढलेली बाई आहे. शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. पुढच्या रांगेतले पाहुणे चपला शोधत होते.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. माफीनामा टाइप करून तयार होता. समोर दोन खुर्च्या रिकाम्या, पण बसा कोणी म्हणालं नाही.

"सही करा आणि विषय संपवा," बाई म्हणाल्या. आता 'करा' जमत होतं.

भारा टाक, पाया पड आणि घरी जा. तेच. रखवालदार तेवढा बदलला. मी खुर्ची ओढली, बसले, कागद वाचला आणि सही न करता परत सरकवला.

एप्रिलमध्ये मला काढतील. काढू देत. तोवर सातवीचा इतिहासाचा तास माझा आहे. उद्या फळ्यावर आधी साल लिहिणार. त्याच्याखाली पणजीचं नाव लिहिणार, जानकी. मग त्या मुलीला विचारणार, तुमच्या पाड्यावर त्या साली कोणी गवत कापलं, घरी विचारून ये. ती लाजून हसेल. मी हसणार नाही.