एका व्हिस्कीला दहा बिअर

बडोद्यात दारूबंदी असली तरी माझ्या नवऱ्याकडे परमिट होतं. झोप येत नाही, नसा कमजोर आहेत, असं सर्टिफिकेट जोडून तब्येतीसाठी म्हणून ते मिळवलेलं. महिन्याला तीन युनिट. सयाजीगंजच्या परमिट शॉपमध्ये एका युनिटला व्हिस्कीची एक बाटली मिळते, किंवा बिअरच्या दहा. हा हिशेब इथल्या पिणाऱ्यांना पाढ्यासारखा पाठ असतो.

लिव्हरला सूज निघाली तेव्हा डॉक्टर गुजरातीत म्हणाले, "दारू बंध." नवऱ्याने घरी येऊन जाहीर केलं की व्हिस्की बंद. पुढच्या महिन्यात त्याच तीन युनिटांवर बिअरची खोकी आली. स्ट्राँग, मोठ्या बाटल्या. रोज एक. पूर्वी रोज एक पेग, कधी जरा जास्त व्हायचा.

"अहो, डॉक्टरांनी दारू म्हटलंय."

"बिअर कुठे दारू आहे? दहा मिळून एक व्हिस्की होते. म्हणजे रोज एक दशांश बाटली. मी कमीच केली की."

मी दोन्ही बाटल्यांवरचे आकडे बघितले. व्हिस्की त्रेचाळीस टक्के. साठ मिलीच्या पेगमध्ये अल्कोहोल सव्वीस मिली. बिअर आठ टक्के, पण बाटली साडेसहाशेची. बावन्न मिली. एक बिअर म्हणजे दोन मोठे पेग. जेवताना मी हे सांगितलं.

नवरा हसला. "दोन पेगांनी माझी जीभ जड होते. बिअरने फक्त पोट जड होतं."

"दोन तास लावून, भजी खात पिता, म्हणून चढत नाही. पोटात जाते तेवढीच."

धाकटे दीर जवळच्या पादरा गावाहून आले होते. ते म्हणाले, "वहिनी, सरकारच एकाला दहा धरतं. सरकारपेक्षा तुमचं गणित भारी का?"

"सरकार बाटल्या मोजतं, भाऊजी. तुमच्या भावाचं लिव्हर मोजत नाही."

"शाळेत शिकवून शिकवून वहिनींना सवय लागली," असं म्हणून त्यांनी भावाचा ग्लास भरला. मी ताटं उचलली. रोज भांडायला मला वेळ नव्हता आणि ऐकणारं कोणी नव्हतं.

वर्षभरात पाय सुजले, मग पोट. दवाखान्यात पोटातलं पाणी काढलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नवरा अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "व्हिस्की सोडली, साहेब. कधीच." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बिअरचं सांगितलं.

"रोज?"

"रोज."

त्यांनी ते केसपेपरवर लिहिलं. रात्री नवरा म्हणाला, "वाईनचं विचार ना. ती तर द्राक्षांची." मी विचारलं नाही. नंतर रक्ताची उलटी झाली आणि चार दिवसांत सगळं संपलं.

तेरावं झाल्यावर दिरांनी फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात बाटल्या आडव्या होत्या. परमिट ज्याचं तोच नाही, त्यामुळे त्या घरात ठेवणंही गुन्हा.

"मी घेऊन जातो," ते म्हणाले. "एवढ्याने काय होतंय, वहिनी? हलकी असते."

मी त्यांच्या हातातली बाटली घेतली आणि मोरीत उघडली. मग दुसरी. फेस जाळीवर चढला, वास जिन्यापर्यंत गेला. दीर दारात उभे होते. त्यांनाच म्हटलं, "उरलेल्या इकडे द्या."