कडूकंद

आई गेली त्या दिवशी मी पुण्यात होतो. महिनाभराने एकटाच जामसरच्या डोंगरावर गेलो. लहानपणी ती मला तिथे कडूकंद खणायला न्यायची. ती भाजी मला पुन्हा एकदा खायची होती.

कमरेला कोयता लावलेला एक माणूस मागोमाग चालू लागला. मी थांबलो की तोही थांबायचा. ओठात न पेटवलेली विडी, नजर माझ्या पिशवीवर. मी पाकीट आतल्या खिशात सरकवलं.

वेल सापडला तसा तो पुढ्यात येऊन बसला. "खना साहेब. तुमच्यासारखी लोकं पोती भरून नेतात, मूळ पन ठेवत नाय."

मी एकच कंद काढला. आई करायची तसा त्याचा कोंब फुटणाऱ्या डोळ्याचा तुकडा परत खड्ड्यात ठेवला आणि पायाने माती दाबली.

"कोनी शिकवला?"

"आईनं."

"मंग कडूपना कसा काढशील?"

मला माहीत नव्हतं. रांधायची तीच.

"अर्धाच शिकलास रे!" तो हसला. "राख टाकून उकड, रातभर वाहत्या पान्यात ठेव. नायतर घसा धरंल."

तरी उतरताना त्याने माझी पिशवी उघडून पाहिलीच.

पुण्यातल्या घराजवळ वाहतं पाणी नाही. कंद ओट्यावर तसाच आहे.