कुठलं वडगाव?

एका नावाची दोन गावं ही एकमेकांची सख्खी नाहीत तरी चुलत भावंडं असतातच, असं मानणारा आणि त्या भावंडांकडे स्वतः जाणं-येणं ठेवणारा माणूस या पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझ्या धाकट्या बहिणीचा सासरा आहे. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. तात्यांपुढे कुणी सहज बोलून जावं, "मी मूळचा निमगावचा," की हातातला कप बशीत ठेवून ते विचारणार, "कुठलं निमगाव?" समोरच्याने तालुका सांगितला की तात्या समाधानाने मान डोलावतात आणि त्याला उरलेल्या निमगावांची खुशाली सांगायला बसतात. तो बिचारा लग्नाची पत्रिका द्यायला आलेला असतो, त्याला अजून दहा घरं गाठायची असतात. पण आपल्या गावाच्या एका चुलत भावाची पत्र्याची शाळा यंदा पक्की झाली, हे ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसते. बहिणीच्या सासूबाई तर जेवायला आलेल्या पाहुण्याला दारातच बजावतात, "गावाचं नाव काढू नका, आमटी गार व्हतीया."

या वेडाची सुरुवात नोकरीतल्या एका चुकीने झाली. तात्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात होते. माल गाठी बांधून बाहेरगावी जायचा, त्या गाठींवर पत्ते लिहायचं काम त्यांच्याकडे. तरुणपणी एकदा त्यांनी दुकानाचं नाव घातलं आणि खाली नुसतं 'बोरगाव' एवढंच लिहिलं. गाठ गेली ती भलत्याच बोरगावला, आणि मालकांनी ती परत आणायला तात्यांनाच धाडलं. तात्या शिव्या खायच्या तयारीने गेले. पाहतात तो गाठ देवळात नीट झाकून ठेवलेली, दोरीची गाठसुद्धा कुणी सोडलेली नाही, आणि गावकऱ्यांचं म्हणणं असं, की आमच्या गावाच्या नावाने आली म्हणजे ती आमची पाहुणीच. तेव्हा तिला न्यायला आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय सोडणार नाही. तात्या जेवले. परतीच्या वाटेवर त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, इथून पुढे तालुका आणि जिल्हा बोटाएवढ्या अक्षरांत लिहायचा. दुसरी, त्या बरोबरच्या बोरगावला जाऊन सांगायचं, की तुझ्या भावाने मला जेवू घातलं. दोन्ही त्यांनी केल्या. बरोबरच्या बोरगावाने त्यांना चहासुद्धा विचारला नाही, पण तात्यांच्या मते सगळे भाऊ सारखे कुठे असतात!

तेव्हापासून त्यांच्याकडे एक लांबडी, लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे. तिच्यात चार रकाने: गाव, तालुका, सलून आणि शेरा. सलून का, असं मी एकदा विचारलं होतं. तात्या म्हणाले, सरपंच पाच वर्षांनी बदलतो, मास्तराची बदली होते, पण सलूनवाला कुठं जात न्हाय. आन् गावात कोण आलं, कोण गेलं, ते त्याला पयलं कळतं. म्हणून नव्या गावी गेले की तात्या आधी दाढी करून घेणार आणि नंबर लिहून आणणार. एका दिवसात तीन पिंपळगावं करून आले तेव्हा संध्याकाळी दोन्ही गालांना हळद लावून बसले होते. शेरे मात्र वाचण्यासारखे. 'पार मोठा. पाणी खारं.' 'शाळेची घंटा फुटकी, मुलं हुशार.' 'लोक मोजकं बोलतात, वांगी उत्तम.' स्वतः पाहिल्याशिवाय शेरा लिहायचा नाही, हा त्यांचा नियम. वहीच्या शेवटी परदेशाची पानं आहेत. सिंधमधलं हैदराबाद, अमेरिकेतलं सेलम, स्कॉटलंडचं आणि ऑस्ट्रेलियाचं अशी दोन पर्थ. त्यांच्यापुढे सलून आणि शेरा दोन्ही रकाने कोरे, आणि ते कोरेच राहणार याची तात्यांना मनापासून खंत.

बहिणीचा मुलगा नोकरीला लंडनला गेला तेव्हाची गंमत तर सगळ्या नात्यात झाली. हे लंडन कॅनडातलं. बहिणीला हे सांगताना अवघडल्यासारखं व्हायचं. 'लंडन' म्हटल्यावर लोकांचे डोळे मोठे व्हायचे आणि 'कॅनडातलं' म्हटल्यावर पुन्हा लहान व्हायचे. कुणीतरी म्हणालंच, "म्हणजे खरं लंडन नव्हे!" तात्यांना राग असा फारसा येत नाही, पण तेव्हा आला. "खरं-खोटं गावात नसतंय," ते म्हणाले. "ज्याची जितं चूल, त्याचं ते खरं." आणि त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. पुढे कित्येक दिवस ते नातवाला फोनवर एकच विचारत होते: तुझ्या गावातलं कुणी त्या थोरल्या लंडनला जाऊन भेटून आलंय का नाही?

संस्थांच्या बाबतीतही तोच न्याय. तात्या शिकले एका न्यू इंग्लिश स्कूलमध्ये, तेही सातवीपर्यंतच. पण त्या नावाची शाळा कुठेही दिसली की ते माजी विद्यार्थी म्हणून आत जातात, मुख्याध्यापकांना नमस्कार करतात आणि पाण्याच्या टाकीला झाकण आहे का ते बघतात. एका गावी स्नेहसंमेलन चाललं होतं. तात्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि शेवटी आभार मानायला उभं केलं. त्यांनी सगळ्यांचे आभार इतके मनापासून मानले की पुढच्या वर्षीचं आमंत्रण घरपोच आलं. पुण्याला मात्र त्यांची डाळ शिजली नाही. आपण राहतो शुक्रवार पेठेत, पुण्यातही शुक्रवार पेठ आहे, म्हणून तिथे जाऊन त्यांनी आपल्याच घराचा नंबर शोधून काढला आणि बेल वाजवली. दार उघडणाऱ्या गृहस्थांना म्हणाले, मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत याच नंबरात राहतो. ते गृहस्थ म्हणाले, "बरं मग?" तात्यांनी पिशवीतली शेंगाच्या चटणीची पुडी त्यांच्या हातात दिली आणि जिना उतरले. दिवाळीत त्या पत्त्यावरून एक कार्ड आलं. त्यावर एवढंच होतं: 'चटणी संपली.' तात्यांनी त्याच दिवशी दुसरी पुडी पाठवली.

माझे वडील, आबा, तात्यांना पहिल्यापासून वेड्यात काढत. व्याही म्हणून समोर मान ठेवायचे आणि घरी आल्यावर म्हणायचे, "येड्याच्या घरी पोरगी दिली." खरं तर या वेडामुळेच ती दिली गेली होती. बहिणीला बघायला मंडळी आली तेव्हा तात्यांनी तिचं शिक्षण विचारलं नाही, पत्रिका मागितली नाही. आबांना म्हणाले, "गाव?"

"वडगाव."

"कुठलं वडगाव?"

"पाण्यातलं," आबा म्हणाले.

आमचं वडगाव उजनीच्या धरणात गेलं. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. सरकारने दूर माळावर नवं वडगाव वसवून दिलं, आमची भावकी तिथे नांदतेही आहे; पण आबांनी त्याला कधी वडगाव म्हटलं नाही. ते सोलापुरात कारकुनीला लागले आणि गावाचा विषय त्यांनी घरात बंद करून टाकला. त्या दिवशी तात्यांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. मग पिशवीतून वही काढली आणि वडगावांच्या पानावर शेवटी लिहिलं, 'वडगाव, पाण्यातलं.' शेऱ्याच्या रकान्यावर पेन थोडं थांबलं आणि मागे आलं. लग्न तिथेच ठरलं.

आईमागे आबा माझ्याकडे राहायला आले, आणि हळूहळू त्यांना विसर पडायला लागला. सकाळी काय खाल्लं ते आठवायचं नाही, पण बुडालेल्या गावातल्या विहिरीच्या पायऱ्या बोटांवर मोजून दाखवायचे. जो विषय त्यांनी आयुष्यभर बंद ठेवला तोच तेवढा उघडा राहिला. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी मी सकाळची शाळा करून दुपारी घरी आले तर आबा नाहीत. त्यांची कापडी पिशवी नाही, टोपी नाही. समोरच्या वहिनी म्हणाल्या, सकाळी आठ वाजताच गेले की, गावाला जातो म्हणाले. मी आधी बहिणीला कळवलं. नव्या वडगावात चुलतभावाला फोन केला. तिथे ते पोचले नव्हते. आमचे हे एसटी स्टँडवर आणि तिथून चौकीवर गेले. खिशात कधी पत्त्याची चिठ्ठी घालून ठेवली नाही, म्हणून मी स्वतःला दोष देत दारात बसले होते, तेवढ्यात रिक्षातून तात्या उतरले. काखेत वही.

बसल्या बसल्या त्यांनी मला समजावलं. आबांनी कंडक्टरला फक्त 'वडगाव' म्हटलं असणार, आणि कंडक्टर त्याच्या वाटेवरच्या वडगावचंच तिकीट देणार. सकाळी आठ-साडेआठला सुटणाऱ्या गाड्या धरल्या तर सहा वडगावं होतात. त्यांनी पान उघडलं आणि पहिल्या सलूनला फोन लावला. आणि मग त्यांनी काय विचारावं? तर तुमच्या मातोश्रींचा गुडघा कसा आहे! दुसऱ्याला विचारलं, म्हैस व्याली का. तिसरं वडगाव कर्नाटकातलं; तिथे "ऊटा आतेन्री?" करत जेवणापासून सुरुवात. मी हात जोडले. म्हटलं, तात्या, आधी आबांचं विचारा हो. त्यांनी फोनवर तळवा ठेवला.

"ताई, घाईनं इचारलं की माणूस घाईनं न्हाय म्हणतो. बसून इचारलं की आठवून सांगतो."

चौथ्या वडगावाने आठवून नाही म्हणून सांगितलं. पाचवं तुळजापूरच्या पुढचं, आडरस्त्याचं. तिथल्या सलूनवाल्याच्या मुलीचं कॉलेज विचारून झालं, दुकानाचं नवं छप्पर विचारून झालं, आणि मग तात्या नुसतेच ऐकत राहिले. चष्मा काढून त्यांनी तो वहीवर ठेवला. "हाईत," ते मला म्हणाले. "पारावर बसल्यात. जेवल्यात बी."

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पारावर चार माणसांत आबा मधोमध बसले होते, टोपी सरळ, दाढी गुळगुळीत केलेली. सकाळी एसटीतून उतरल्या उतरल्या आबांनी सलूनपुढे उभं राहून विचारलं होतं, पाणी कधी उतरलं? त्या भल्या माणसाला वाटलं ओढ्याचं विचारतायत. तो म्हणाला, लई दिवस झालं की. मग आबांनी आपलं घर म्हणून त्याचंच घर दाखवलं. त्याच्या बायकोने एक शब्द विचारला नाही, ताट वाढलं आणि म्हणाली, "तुमचंच घर हाय." हे सगळं त्या सलूनवाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि वर म्हणाला, तात्यांच्या गावाकडचा माणूस म्हणजे आमचाच.

आबांनी मला पाहिलं आणि इतरांना सांगितलं, ही माझी थोरली. मग तात्यांकडे वळून म्हणाले, "या व्याही. आमचं गाव बघा. पाणी उतरलं एकदाचं."

माझ्या तोंडाशी आलं होतं, की आबा, हे आपलं गाव नाही. मी मास्तरीण, चुकलेलं दिसलं की दुरुस्त करायची सवय. पण तात्या माझ्या पुढे झाले, चपला काढून पारावर बसले आणि चहूकडे नीट नजर फिरवली. "व्हय की," ते म्हणाले. "लई चांगलं गाव हाय." आबांनी त्यांना शाळा दाखवली, देऊळ दाखवलं, विहीर दाखवली. विहिरीला पायऱ्या नव्हत्या. आबा जरा थबकले, पण तात्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे पुढे गेले. आपल्या बापाला इतकं आनंदात मी जन्मात पाहिलं नव्हतं.

निघायची वेळ झाली तेव्हा मला वाटलं, आता हे यायचे नाहीत. तात्याच म्हणाले, "व्याही, लेकीला सासरी पोचवून येऊ. एकटी कशी जाईल?" आबा लगेच उठले. लेकीला एकटीने धाडायची आमच्यात रीत नाही. गाडीत माझ्या शेजारी बसून ते सोलापूर येईपर्यंत माझा हात धरून होते. त्यांना वाटत होतं, ते मला पोचवतायत.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी तात्या आबांना त्या वडगावी घेऊन जात. दोघांची दाढी व्हायची, पारावर बसणं व्हायचं, आणि परत यायला निमित्त हवं म्हणून मला बरोबर न्यावं लागायचं. मी कधी कंटाळा केला नाही. गेल्या वर्षी आबा गेले, आपल्या अंथरुणात, शांतपणे. शेवटच्या दिवसांत त्यांच्या मनात पाणी नव्हतं, गाव होतं. हे देणं मी तात्यांना कुठल्या शब्दांत सांगू, मला कळत नाही. मुलांना निबंधात 'मी आपला ऋणी आहे' लिहायला शिकवते. तात्यांसमोर ते वाक्य मला जमत नाही.

चौदाव्याचं गोडाचं जेवण झालं. माणसं पांगली आणि तात्या वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. वडगावांचं पान काढून त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'वडगाव, पाण्यातलं.' पुढचा रकाना पंचवीस-सव्वीस वर्षं कोरा होता.

"ताई, तुमी लिवा," ते म्हणाले. "शेरा. व्याह्यांसंगं पाहिलं. गाव चांगलं हाय."

मी लिहिलं. तात्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, वही मिटली, आणि विचारलं, चहा टाकता का थोडा.