शाईभोवतीचं लाल वर्तुळ

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसांत हे माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही — बायकोसमोर नाही, आईसमोर नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याच्यासमोर तर नाहीच. दोन-तीनदा अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

मी पुण्याचा. सिंगापूरला बुओना व्हिस्टाच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करतो, बिशानला राहतो. मतं मांडायची मला भारी हौस — पुण्याचा म्हटल्यावर हे वेगळं सांगायला नको. शेजारच्या डेस्कवर नबील बसतो. त्याच्या देशाचं नाव लिहीत नाही. तिथे परक्या देशाचं सैन्य तळ ठोकून होतं आणि त्या सैन्याच्या पहाऱ्यात तिथली पहिली खरी निवडणूक झाली, एवढं तुम्हाला पुरे.

त्या दिवसांत दुपारी जेवताना हॉकर सेंटरवर आमचा तोच विषय. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं? कुणी म्हणे, बंदुकीसमोरचं मतदान म्हणजे शुद्ध नाटक. मी म्हणे, अरे, सुरुवात तर झाली! नबील खाली मान घालून जेवायचा. त्याच्या घरातच दोन तट पडले होते. वडिलांचं म्हणणं, परक्याच्या पहाऱ्यात दिलेलं मत हे मतच नव्हे. गल्लीत मत देणाऱ्यांना फितूर म्हणत होते. काही माणसं रांगेत नाचली होती, आणि तीच माणसं घरी येऊन दारं लावून बसली होती. नबीलची धाकटी बहीण शाळेत शिकवायची. ती कुणालाही न सांगता गेली आणि मत देऊन आली.

घरी आल्यावर तिने स्वतःचा फोटो काढून भावाला पाठवला. उजव्या हाताचं पहिलं बोट वर, जांभळ्या शाईत बुडवलेलं. डोळे रडून सुजलेले आणि तरी हसू मावत नव्हतं. नबीलने तो दोघांनाच दाखवला — क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये त्याच्याबरोबर राहणाऱ्या ताहिरला, जो त्याचा शाळेपासूनचा मित्र, आणि मला. मीच म्हटलं, पाठव ना, बायकोला दाखवतो. त्याने दोघांनाही पाठवला. 'फक्त तिलाच दाखव, ब्रदर. मग काढून टाक,' म्हणाला.

सुनीताने फोटो बघितला. 'किती गोड आहे रे! पण हिच्या गल्लीत कळलं तर?' असं ती म्हणाली, आणि पोळ्या करायला गेली.

आपल्याकडे ही शाई म्हणजे सणच की. मत द्यायचं, बोट नाचवत बाहेर यायचं, सेल्फी काढायचा, दुपारपर्यंत सगळ्या ग्रुपवर बोटंच बोटं. त्या शाईची कुणाला भीती वाटेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही — असं लिहिणार होतो. पण ते खोटं आहे. नबीलने सांगितलं होतं, सुनीताने सांगितलं होतं. मी नीट ऐकलं होतं.

नेमकी तेव्हाच भारतात आपली निवडणूक आली होती. आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदानाच्या सुट्टीला जोडून महाबळेश्वरला जायचे बेत चाललेले. माझं डोकं सणकलं. मी स्वतः सिंगापुरात, माझं मत पुण्यात कुजत पडलेलं — पण यांना शिकवायला मी तयार! नबीलच्या बहिणीचा फोटो घेतला. तिच्या शाई लागलेल्या बोटाभोवती फोनवरच लाल वर्तुळ काढलं, कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून. खाली लिहिलं, 'ही मुलगी बंदुकांमधून वाट काढत मत देऊन आली. आणि तुम्ही महाबळेश्वरला निघालात? थोडी तरी लाज बाळगा.'

चेहरा कापावा, असं एकदा वाटलं होतं. बोट अडखळलं होतं माझं. पण चेहऱ्याशिवाय त्या फोटोत होतं काय? तो चेहराच टाळ्या मिळवणार होता, आणि मला टाळ्या हव्या होत्या. मिळाल्या. अंगठे आले, जोडलेले हात आले, एका चुलतभावाने सहल रद्द केल्याचंही लिहिलं. दिवसभर मी खुशीत होतो.

तो फोटो तिथून कुठे कुठे गेला, मला माहीत नाही. काही आठवड्यांनी नबील माझ्या डेस्कपाशी येऊन उभा राहिला. चेहऱ्यावर रक्त नव्हतं. त्याने फोन पुढे केला. त्याच्या गावातल्या कुणीतरी बहिणीचा फोटो सगळीकडे पसरवला होता, खाली तिच्या नावासकट घाणेरडं काहीतरी लिहिलं होतं. आणि तिच्या बोटाभोवती लाल वर्तुळ होतं. माझं वर्तुळ — जरा तिरपं, एका बाजूला न जुळलेलं.

'तू कुणाला पाठवला होतास, ब्रदर?'

'कुणालाच नाही,' मी म्हणालो. बायकोला दाखवला आणि तिथल्या तिथे काढून टाकला, म्हणालो. इथवर त्याला भित्रेपणा म्हणता आलं असतं. पण पुढे आणखी एक वाक्य मी बोललो — त्याने विचारलेलं नसताना. 'ताहिरला विचारलंस का?'

काय म्हणायचं याला? मला अजून शब्द सापडलेला नाही.

ताहिरने आईची शपथ घेतली, रडला. नबीलने त्याला फ्लॅटमधून काढलं. काही दिवसांनी ताहिर बुओना व्हिस्टा एमआरटी स्टेशनच्या दाराशी माझी वाट बघत उभा होता. मला वाटलं, कळलं याला. माझी पाचावर धारण बसली. तो म्हणाला, 'तुम्ही वडीलधारे आहात, तो तुमचं ऐकतो. त्याला समजवा.' मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. 'बघतो,' म्हणालो. पुढे त्याने नोकरी सोडली आणि सिंगापूरही सोडलं.

मतदानानंतर बहीण ब्लीच लावून बोट घासत होती, शाई निघत नव्हती. शाळेत बोटाला पट्टी बांधून जायची. मग तो फोटो फिरला आणि माणसं घरी आली. त्यांनी काय केलं, ते नबीलने मला कधीच सांगितलं नाही. बऱ्याच महिन्यांनी पँट्रीत चहा करताना एवढंच म्हणाला, 'ती आता डाव्या हाताने लिहायला शिकतेय.'

मी कप धूत होतो. धूतच राहिलो. तेव्हा सांगायला हवं होतं ना? पँट्रीत आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, साखर किती?

पुढच्या निवडणुकीच्या वेळी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी पुण्यात होतो. आई म्हणाली, 'आलायस तर चल, मतदान करून येऊ.' नाही कशाच्या तोंडाने म्हणणार? गेलो. बोटाला शाई लागली. सिंगापूरला परत आलो तर लेक म्हणते, 'बाबा, सो डर्टी लाह! जस्ट स्क्रब इट!' मी घासलं. भांड्यांच्या घासणीने घासलं, नखाच्या कडेला रक्त येईपर्यंत. तेव्हा मला कळलं, ती शाई कशी जात नाही ते. तोंडात टॉवेल कोंबून मी बाथरूममध्ये रडलो. त्या रडण्याचा कुणाला काय उपयोग?

ऑफिसात दिवसभर डावा हात टेबलाखाली ठेवला. तरी नबीलला दिसलंच. त्याने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बोट नीट निरखून पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

'शाबास, ब्रदर,' तो म्हणाला. 'फोटो काढू? तिला पाठवतो. तिला फार बरं वाटेल.'

त्याने फोन वर धरला. मी बोट वर केलं.