श्री कोरलेली तांब्याची गोळी

या ग्रुपवर माझी ओळख भांडखोर अशी आहे, आणि ती मी मेहनतीनं कमावलेली आहे. कुणी पैंजणांचा आवाज ऐकू आला म्हणून लिहिलं की ‘पाण्याचा पाइप तपासा’ ही पहिली कमेंट माझी असते. मागे एका ताईंनी लिहिलं होतं की वारलेले सासरे स्वप्नात येऊन कपाटाची किल्ली कुठे आहे ते सांगून गेले. त्यांना मी चांगला डॉक्टर सुचवू का म्हणून विचारलं होतं. तेव्हा आज मी स्वतः इथे लिहितोय याची सगळ्यात जास्त चीड मलाच येतेय. पण घरात हा विषय आता कुणी काढू देत नाही, म्हणून इथे लिहितो.

आणखी एक. मी शिकार करतो. परवाना काढून, सीझनमध्ये, खाण्यासाठी. ज्यांना त्रास होतो त्यांनी इथेच थांबावं. चिकन सिक्स्टी-फाइव्ह हाणत मला अहिंसा शिकवायला येऊ नये, मी ऐकून घेणार नाही.

मी मूळ इचलकरंजीचा. वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे हातात धातू असला की मला बरं वाटतं. इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूला सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि गॅरेजमध्ये काडतुसं भरतो. म्हणजे दुकानातली तयार आणत नाही. पितळी नळी, तिच्यात मोजून घातलेली पावडर आणि पुढे बसवलेली गोळी — सगळं निवडून, काट्यावर तोलून, प्रेसवर दाबून स्वतः करतो. लोकांना हा नाद वाटतो. मला वाटतं, जनावर मारायचंच असेल तर ते एका गोळीत, हाल न होता पडावं, एवढी तरी आपली जबाबदारी आहे. मी आजवर एकही जनावर जखमी करून सोडलेलं नाही... हे वाक्य मी पार्टीत दोन पेग झाल्यावर जरा जास्तच वेळा म्हणायचो.

आता आमचे साडू. शिरीषराव. अश्विनीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. तिकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला असतात. जगातल्या प्रत्येक विषयावर यांचं मत तयार असतं आणि ते न मागता मिळतं. कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, तांब्याचीच वापरावी लागते. सक्ती झाली म्हणून या गृहस्थांचा तांब्यावर राग. आणि आमच्या वॉशिंग्टन राज्यात शिसं चालत असूनही मी आपणहून तांबं वापरतो, म्हणून माझ्यावर राग. कारण साधं आहे — शिशाचे बारीक कण मांसात पसरतात आणि ते मांस माझी पोरगी खाते. पण नाही. यांचं पालुपद ठरलेलं. तांब्याची गोळी कडक, लांबून मारली की अंगात शिरल्यावर फुलासारखं उमलायला हवं ते तिचं तोंड उमलत नाही, सुई टोचावी तशी आत जाते आणि बिचारं जनावर ती घेऊन पळत सुटतं. त्यातून मी हरणाला आणि एल्कला एकच लोड, म्हणजे तीच गोळी आणि तेवढीच पावडर, वापरतो, म्हणजे तर अकलेचं दिवाळंच. एल्क ज्यांना माहीत नाही त्यांनी सांबराचा थोरला भाऊ समजावा, घोड्याएवढा. त्याला हरणाची गोळी कशी पुरेल, असा त्यांचा वाद. बायका भाजी निवडायला बसल्या की आम्ही या विषयावर एकमेकांचा गळा धरायचो.

त्या वर्षी शिकारखात्याच्या लॉटरीत मला मादी एल्कचं परमिट लागलं, एलन्सबर्गच्या पलीकडच्या डोंगरांचं. त्या भागात मी आयुष्यात कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा.

त्याच वेळी माझ्या सासूबाई कऱ्हाडहून आमच्याकडे आल्या होत्या. अमेरिकेत पहिल्यांदाच. मी त्यांना आईच म्हणतो. निवृत्त शिक्षिका, बोलणं कमी, नजर कडक. माझी शिकार त्यांना बिलकूल पसंत नव्हती आणि ते त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

खंडेनवमी आली. वर्कशॉपवाल्याच्या घरात हा सण चुकत नाही. मी गॅरेजमधल्या टेबलावर प्रेस, काटा, कॅलिपर, रायफल असं सगळं पुसून मांडलं, झेंडू आणला. पाच गोळ्याही ठेवल्या — नुसत्या गोळ्या, काडतुसात न बसवलेल्या. अश्विनीला काय सुचलं कोण जाणे. म्हणाली, या वर्षी आई आहे, तिच्या हातून प्रत्येक गोळीवर श्री काढून घेऊ. गोळीचा मागचा भाग सपाट असतो, तिथे सुईनं कोरता येतं. गोळी काडतुसात बसली की ते अक्षर आत लपतं, बाहेरून कुणाला दिसत नाही.

आईंनी साफ नकार दिला. मग जरा वेळानं स्वतःच परत आल्या.

“जनावराचे हाल होणार नाहीत असा शब्द द्या, मंदारराव. मग काढते.”

मी शब्द दिला. त्यात मला जड काय वाटणार? तेच तर मी इतकी वर्षं मिरवत होतो.

त्या भिंग घेऊन बसल्या. बाईंचं अक्षर बघण्यासारखं आहे. श्री काढून खाली दोन छोट्या आडव्या रेघा, वहीच्या पहिल्या पानावर काढतात तशा. तिसऱ्या गोळीवर सुई निसटली आणि खालची रेघ वाकडी होत पार काठापर्यंत गेली. ही बाद करा, म्हणाल्या. मी म्हटलं, असू दे हो, चालते. मग त्या पाचही गोळ्या मी स्वतः काडतुसांत बसवल्या.

शिकारीला शिरीषराव विमानानं आले. परमिट माझं एकट्याचं, हे नुसते सोबत. म्हणजे अक्कल शिकवायला. बेलव्ह्यूपासून घाट ओलांडून एलन्सबर्गपर्यंत दोन तास त्यांनी तांब्याचा उद्धार केला. पहाटे तिथल्या मोटेलमधून निघून आम्ही डोंगर चढलो. गवतावर दव गोठलेलं, वारा तोंडावर, दोघांची डोकी तापलेली. जागाही मला पहिल्यापासून आवडली नाही. कुठल्या कुठल्या जंगलांत हिंडलोय मी, भीती हा प्रकार मला माहीत नाही. पण तिथे सारखं वाटत होतं की आपण इथे कुणाला तरी नको आहोत. शिरीषरावांना हे बोललो नाही. मी मेल्यावरही त्यांनी चिडवलं असतं.

सूर्य वर आल्यावर समोरच्या उतारावर कळप निघाला. सगळ्यात मागे एक म्हातारी मादी होती. डावा मागचा पाय ओढत चालत होती. शिरीषराव कुजबुजले, लंगडी आहे, तीच घे, नाहीतरी हा हिवाळा काढायची नाही. एवढ्यापुरतं आमचं एकमत झालं.

ती झाडीतून उघड्यावर आली आणि थांबली. आणि तिनं आमच्याकडे पाहिलं. एल्कला माणसाची चाहूल लागली की ती पळते. ही पळाली नाही. ओळखीच्या वैऱ्याकडे बघावं तशी सरळ माझ्याकडे बघत उभी राहिली. मीच क्षणभर नजर चुकवली. मग मला माझाच राग आला आणि मी खांद्यामागे नेम धरून गोळी झाडली.

शिरीषराव दुर्बिणीतून बघत होते. “आरपार,” ते कुत्सितपणे म्हणाले. “मागे धूळ उडाली बघ. गेली तुझी गोळी डोंगरात.” मादी चार पावलं चालली आणि खाली बसली. आम्ही पोचेपर्यंत संपली होती. या बाजूनं गोळी आत गेल्याचं भोक, त्या बाजूनं बाहेर पडल्याचं. स्वच्छ शॉट. आईंना दिलेला शब्द पाळला म्हणून मी मनातून खूश होतो.

मग कापायला घेतलं. एवढं मोठं जनावर तिथेच तुकडे करून पाठीवर वाहून आणावं लागतं. डाव्या मागच्या मांडीत शिरीषरावांचा चाकू कशावर तरी करकरला. मांसात पांढरट, कडक गाठ होती, सुपारीएवढी. त्यांनी ती चिरली. आत गोळी. तांब्याची. तोंड जेमतेम उघडलेलं.

साडूंना काय आनंद झाला म्हणून सांगू. त्यांचा सिद्धांतच हातात आला होता. म्हणाले, बघ, तुझ्यासारख्याच कुणा शहाण्यानं मारली आणि सोडून दिली, ही बिचारी वर्षानुवर्षं मांडीत घेऊन फिरतेय. त्या न भेटलेल्या माणसाला मीसुद्धा मनात शिव्या घातल्या. गोळी हातात घेतली आणि मागची बाजू पँटला पुसली.

श्री. खाली दोन रेघा. दुसरी वाकडी होत पार काठापर्यंत गेलेली.

मी ती पुन्हा पुसून बघितली. माझ्या हातून गोळी घेऊन शिरीषरावांनी ती उन्हात धरली. अंगठ्याच्या नखानं ती वाकडी रेघ काठापर्यंत चाचपली.

“हिला कधी मारली होतीस तू?”

मी म्हटलं, शिरीषराव, या डोंगरावर मी आज पहिल्यांदा आलोय. ते म्हणाले, खोटं बोलू नकोस, इथे गोळीवर श्री कोण कोरतं? त्यांचा हिशोब सरळ होता. मी कुठल्यातरी वर्षी गुपचूप इथे आलो, लांबून मारली, ती पळाली, मी हात झटकून घरी गेलो आणि पार्ट्यांमध्ये बढाया मारत राहिलो. मी ओरडलो, ते ओरडले. मांस पाठीवर घेऊन आम्ही तो डोंगर उतरलो तो एकमेकांना अर्वाच्य बोलतच. शेवटी मी म्हटलं, हे कोरलंय तुमच्या सासूबाईंनी, याच खंडेनवमीला. उरलेली चार काडतुसं त्यांच्यासमोर उघडतो, मग बोला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर चारही काडतुसं उघडली. गोळी उपटायचा एक हातोडा असतो, त्यात काडतूस धरून आपटलं की गोळी सुटी होते. चार गोळ्या, चार श्री, आठही रेघा सरळ. वाकड्या रेघेची त्यांत नव्हती. म्हणजे डोंगरावर झाडली ती तीच. जी साडूंच्या डोळ्यांदेखत आरपार गेली, धूळ उडवून गेली, ती.

आईंनी मांडीतली गोळी भिंगाखाली धरली. “अक्षर माझंच आहे,” एवढंच म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

शिरीषरावांनी लगेच पवित्रा बदलला. आता म्हणे मी नक्कल केली, त्यांना तोंडघशी पाडायला गोळी मांडीत मीच घातली. अरे भल्या माणसा, तुला खोटं पाडायचं असतं तर तुझंच म्हणणं खरं ठरवणारी गोळी कशाला घातली असती? आणि गाठ चिरली कुणी? चाकू कुणाच्या हातात होता? त्यावर त्यांनी नुसता आवाज वाढवला. संध्याकाळच्या विमानानं ते गेले. त्या वर्षीची एकत्र दिवाळी कॅन्सल केली. दोघी बहिणी अजून जपून बोलतात, आम्ही दोघं तर बोलतच नाही.

ती चिरलेली गाठ मी जपून आणली होती. आमच्या ओळखीचे एक डॉक्टरकाका आहेत, आयुष्यभर पॅथॉलॉजीत काम करून निवृत्त झालेले. त्यांना काही न सांगता दिली. मला आशा होती की ते म्हणतील, गाठ कसली, हे कूर्चेचं टोक आहे. पंधरवड्यानं त्यांचा फोन आला. म्हणाले, शरीरात काही राहून गेलं की त्याभोवती असं कवच धरतं, पण हे जुनं आहे, थरावर थर आहेत, आणि ते धरताना जनावराला दुखत असणार. नक्की किती जुनं ते सांगता येणार नाही, पण एका दुपारचं तर नाहीच. मी आत काय सापडलं ते सांगितल्यावर त्यांनी विषय बदलला.

मी सगळं करून पाहिलंय. गोळी शरीरात वळली असेल म्हणावं, तर बाहेर पडल्याचं भोक आहे. दुसऱ्या कुणाची म्हणावी, तर अक्षर आहे. अदलाबदल म्हणावी, तर काडतुसं भरल्यापासून माझ्या कुलपात होती. पूर्वी मी लोकांना पाइप तपासायला सांगायचो. सांगा, मी काय तपासू? टिंगल करायची तर करा, मी तेच केलं असतं. मला याचं उत्तर मिळालेलं नाही आणि मिळेल असं वाटत नाही. पुढच्या वर्षी मी परमिटचा अर्ज भरला नाही. प्रेसवर कापड टाकलंय. ‘एकही जनावर जखमी करून सोडलेलं नाही’ हे वाक्य मी आता म्हणत नाही. मी तिला कधी सोडलं ते मला माहीत नाही, पण म्हणवत नाही.

डॉक्टरकाका काय म्हणाले ते मी आईंना सांगणार नव्हतो. त्यांनीच विचारलं, कऱ्हाडला परत निघायच्या आदल्या दिवशी, बॅग भरता भरता. मी सगळं सांगितलं. शब्द मोडलात असं त्या म्हणतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. त्या तसं काहीच म्हणाल्या नाहीत. साडीची घडी हातात तशीच धरून म्हणाल्या,

“म्हणजे किती वर्षं लंगडत होती हो ती?”

मी काय सांगणार? ती झाडीतून लंगडत बाहेर आली, तेव्हा ती गोळी अजून माझ्या रायफलमध्ये होती.